डीगचे जलमहाल आणि आपली किल्ली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या आठवड्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला तुम्ही प्रवासाविषयी बोला. डीगचे महाल पाहून आलात ना, तेच सांगा. मंडळींना जरा विरंगुळा होईल." मी हो म्हटले. पण मुद्दे कागदावर मांडायला बसले, तेव्हा ध्यानात आले की डीगची हकीकत पुरती सांगायची तर तिच्याबरोबर आपल्या सभागृहाची एक गोष्टही सांगावी लागणार, आणि ती माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. तेव्हा विरंगुळा आधी आणि चूक मागाहून, असा क्रम ठेवते. कोणी मध्येच उठू नये, एवढीच विनंती.

आम्ही नऊजणी २०२५ च्या जानेवारीत मथुरा-वृंदावनाला गेलो होतो. गोवर्धनाची परिक्रमा कोणी पायी केली, कोणी रिक्षात बसून. कोणी काय केले ते नावानिशी सांगत नाही. वाटेत कुसुम सरोवर लागते. तळ्याच्या काठी दगडी नक्षीच्या भव्य छत्र्या आहेत. मधली मोठी छत्री भरतपूरच्या सुरजमल जाटाची, आणि तिच्या दोन्ही अंगांना त्याच्या दोन राण्यांच्या, हंसिया आणि किशोरी यांच्या. आम्ही त्या निरखून पाहतो आहोत असे पाहून गाडीवाला म्हणाला, "माताजी, ही तर नुसती समाधी. यांचा उन्हाळ्यातला महाल पाहायचा असेल तर डीग इथून जवळच आहे." माझ्या वन्सं म्हणाल्या, "देवदर्शन झालं, आता राजदर्शन करू या." दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

डीग हे गाव राजस्थानात, भरतपूरच्या उत्तरेला सुमारे पस्तीस किलोमीटरांवर आहे. पूर्वी ते भरतपूर जिल्ह्यात मोडत असे. २०२३ पासून त्याचा वेगळा जिल्हा झाला. अठराव्या शतकात बदनसिंग या जाट राजाने इथे आपली राजधानी केली, पुराना महाल बांधला, बागांना आरंभ केला. त्याच्यामागून सुरजमलाने ते काम कळसास नेले. पुढे राजधानी भरतपूरला गेली आणि डीग हे उन्हाळा घालवण्याचे ठिकाण झाले. पाण्याने वेढलेला किल्ला, त्याच्या जवळ दोन तळी आणि तळ्यांच्या मधे बाग व महाल, अशी ही मांडणी आहे. पश्चिमेच्या तळ्याला गोपाल सागर म्हणतात, पूर्वेच्या तळ्याला रूप सागर. वारा कुठूनही आला तरी तो पाण्यावरून यावा, ही त्यातली युक्ती.

आम्ही आत शिरलो तेव्हा धुके होते. तळे दिसत नव्हते, महालाचा वरचा भाग तेवढा धुक्यातून वर आला होता. आम्ही कारंज्यांची कीर्ती ऐकून गेलो होतो. पाहतो तो कारंजी कोरडी. पहारेकऱ्याने सांगितले की ती आता फक्त सणावारी, जत्रेच्या दिवसांत सुरू करतात. आमच्यातल्या एक काकू तिथल्या तिथे म्हणाल्या, "म्हणजे आपण लग्न लागून गेल्यावर मांडवात आलो." पण पाहत गेलो तसे कारंज्यांचे दुःख कमी झाले.

सर्वांत मोठा तो गोपाल भवन. बागेकडून पाहिले तर उंच कमानींचा एक देखणा दिवाणखाना. तळ्याकडून पाहावे तर त्याचे खालचे मजले पाण्यापर्यंत उतरत गेलेले. ऐन उन्हाळ्यात माणसे खालच्या, पाण्याला लागून असलेल्या मजल्यांत जाऊन बसत. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे महाल आहेत. एकाचे नाव सावन, दुसऱ्याचे भादो. म्हणजे आपले श्रावण आणि भाद्रपद. त्यांची छपरे उलट्या होडीसारखी वाकवलेली आहेत. धुके जरा विरळ झाले आणि त्या दोन्ही महालांची प्रतिबिंबे पाण्यात दिसू लागली, तेव्हा आमच्यातल्या बोलक्या बायकासुद्धा पाच मिनिटे गप्प होत्या. एवढ्यावरून काय ते समजा.

भिंतींचा दगड बन्सी पहाडपूरच्या खाणींतला, फिकट बदामी रंगाचा. खिडक्या-कमानींवर छज्जे एकाखाली एक असे दुहेरी काढले आहेत, त्यामुळे ऊन भिंतीवर पडतच नाही. आपण गच्चीवर बारदान आणि गवताच्या पेंढ्या टाकून जे साधतो, ते त्यांनी दगडात साधले आहे. आत एक संगमरवरी मेज आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराचे आणि अगदी बुटके. भोवती जमिनीवर बैठक मारून जेवायचे आणि वाढणाऱ्याने मधल्या मोकळ्या जागेतून फिरायचे. वाढणाऱ्याचाही विचार केलेले ते मेज पाहून आम्हां बायकांना फार बरे वाटले. आपल्याकडच्या पंगतीत वाढताना कंबर कशी मोडते, ते पुरुषांना सांगून कळायचे नाही.

गोपाल भवनासमोर एका चौथऱ्यावर संगमरवरी झोपाळा आहे, म्हणजे झोपाळ्याची कोरीव कमान. हा झोपाळा मोगलांच्या राजवाड्यातला. सुरजमलाचा मुलगा जवाहरसिंग याने दिल्लीवर स्वारी केली, तेव्हा तो लुटीत आणला, असे सांगतात. नूरजहानचा म्हणून त्याची ख्याती आहे. लढाईतल्या लुटीत कोणी सोने आणतो, कोणी तोफा. इथे घरच्या बायकांना श्रावणात झोके घेता यावेत म्हणून झोपाळा आला, याचे आम्हांला कौतुक वाटले. मात्र वन्सं हळूच म्हणाल्या, "ज्यांचा नेला त्यांच्या घरीही बायका असतीलच की." त्यावर कोणाला काही उत्तर सुचले नाही.

आता कारंज्यांविषयी. किशन भवनाच्या वरच्या अंगाला एक भला मोठा हौद आहे. विहिरींतून बैलांच्या मोटांनी पाणी काढून तो भरायचा. भरायला कित्येक दिवस लागत आणि कारंजी सोडली की काही तासांत तो रिकामा होई. हौदाच्या भिंतीला ओळीने भोके आहेत. एकेका भोकातून निघालेला नळ ठराविक कारंज्यांना पाणी पुरवतो. भोकाच्या तोंडाशी रंगाची पुरचुंडी ठेवायची, म्हणजे त्या नळावरच्या कारंज्यांतून त्या रंगाचे पाणी उडते. ना पंप, ना वीज. नुसत्या पाण्याच्या उंचीवर शेकडो कारंजी आणि इतके रंग! बागेत कामाला आलेली मुलगी सांगत होती, "होळीला या, मग पाहा."

याहून गमतीचा तो केशव भवन. रूप सागराच्या बाजूला असलेली ही चौफेर कमानींची मोकळी बारादरी, भोवती पाण्याचा पाट आणि पाटात कारंजी. हिच्या छतात दगडाचे जड गोळे ठेवलेले होते. पाण्याच्या जोराने ते गोळे गडगडत आणि खाली बसलेल्याला वाटे, वर मेघ गर्जत आहेत. कमानींवरून पाण्याच्या धारा, खालून कारंज्यांचे तुषार आणि वरून गडगडाट. वैशाखात, बाहेर लू वाहत असताना, राजा इथे बसून पाऊस अनुभवीत असे. उन्हाने तापलेल्या मुलखातल्या माणसाने केवढी ही हौस पुरवून घेतली!

हे सारे ऐकत आम्ही त्या बारादरीत उभ्या होतो आणि आमचे दात वाजत होते. स्वेटर, शाल, कानटोपी, सगळे जामानिम्यासह अंगावर होते. तरी फरशीची थंडी चपलांतून वर चढत होती. त्या वास्तूत उबेसाठी काही नाही. जे आहे ते थंडाव्यासाठी. काकू म्हणाल्या, "इथे बसवत नाही गं, उन्हात चला." तशा आम्ही बागेतल्या अष्टकोनी हौदाच्या कडेला, जिथे ऊन पडू लागले होते तिथे जाऊन बसलो, आणि पिशवीतून तिळगुळाचा डबा काढला. "तिळगूळ घ्या, गोड बोला" झाले. आणि एकदम मला आठवले की आज चौदा जानेवारी.

भगिनींनो, चौदा जानेवारी १७६१ हा पानिपताचा दिवस. आपल्या बोलण्यात आजही एखाद्याचा धुव्वा उडाला की "त्याचं पानिपत झालं" असे आपण म्हणतो. त्या दिवशी संध्याकाळी मराठ्यांची फौज मोडली. फौजेबरोबर हजारो बायका, मुले, यात्रेकरू, नोकरचाकर होते. जे जगले ते भर पौषात, लुटले गेलेले, कित्येक अंगावरच्या धड वस्त्रांनिशीही नव्हे, असे दक्षिणेकडे धावत सुटले. पानिपताहून डीग दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मधे शत्रूचा मुलूख, लुटारू, आणि ही अशी थंडी. आणि त्यांतले फार मोठ्या संख्येने जिथे पोचले, ते हे सुरजमलाचे राज्य, हे डीग आणि भरतपूर.

आता हा सुरजमल आपला कोण? सात वर्षांपूर्वी, १७५४ मध्ये, मराठ्यांनी त्याच्याच कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता. कुंभेर हे डीगहून भरतपूरला जाताना वाटेतच लागते. त्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचा एकुलता एक मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडला आणि अहिल्याबाईंना ऐन तारुण्यात वैधव्य आले. म्हणजे आपण त्याच्या दारात वेढा घालून बसलेले. पुढे १७६० त सदाशिवरावभाऊ उत्तरेत आले, तेव्हा तो त्यांना येऊन मिळाला. त्याने सल्ला दिला की बायकामुले आणि जड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवा आणि सड्या फौजेनिशी गनिमी काव्याने लढा. त्यासाठी आपला एखादा किल्लाही त्याने देऊ केला होता, असे इतिहासकार लिहितात. तो सल्ला मानला गेला नाही. दिल्लीत मतभेद वाढले आणि सुरजमल निघून गेला.

अशा माणसाला जानेवारीत दार लावून घ्यायला किती कारणे होती! जुने वैर होते. ताजा अपमान होता. शिवाय अब्दाली मार्चपर्यंत दिल्लीतच होता. त्याच्या शत्रूंना आसरा देणे म्हणजे संकट घरी बोलावणे. तरी त्याने दार लावले नाही. आलेल्यांना अन्न, वस्त्र, औषधपाणी दिले, आणि बरोबर माणसे देऊन ग्वाल्हेरच्या वाटेला लावले. राणी किशोरीने स्वतः लक्ष घालून हे केले, असे तिकडे सांगतात. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर जखमी होऊन याच मुलखात आला. तो वाचला नाही, पण त्याची शुश्रूषा परक्याच्या नव्हे, आपुलकीच्या हातांनी झाली. नाना फडणीस तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. त्यांची आई त्या धामधुमीत गेली ती गेलीच. ते स्वतः जीव वाचवून याच वाटेने परतले. पुढे पेशवाई ज्यांनी सांभाळली त्यांच्या अंगावरचे त्या हिवाळ्यातले पांघरूण जाटांच्या घरचे होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आणि हे एकदाच घडले नाही. १८०४ मध्ये इंग्रजांशी लढणाऱ्या यशवंतराव होळकरांच्या फौजेची गाठ इंग्रज फौजेशी पडली, ती याच डीगच्या तटांबाहेर. डिसेंबरात इंग्रजांनी डीग घेतले, तेव्हा सुरजमलाचाच मुलगा रणजितसिंग याने यशवंतरावांना भरतपुरात आसरा दिला. जनरल लेकने १८०५ च्या आरंभी त्या किल्ल्यावर चार वेळा हल्ला चढवला आणि चारी वेळा त्याला हात हलवीत परतावे लागले.

मी त्या हौदाच्या कडेला बसून हे सारे आठवत होते, आणि मला माझीच लाज वाटत होती. आता माझ्या चुकीकडे येते.

आपली ही वसाहत कशी झाली, ते इथल्या तरुण सुनांना कदाचित ठाऊक नसेल. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे गेले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. आम्ही शनिवार पेठेत राहत होतो. मी सहा वर्षांची होते. आई मला हाताला धरून, धाकट्याला कडेवर घेऊन निघाली ती एका नातेवाइकांच्या दारात गेली. त्यांनी पाणी दिले, हळहळ व्यक्त केली, आणि "आमच्याकडे जागेची अडचण आहे हो" असे सांगितले. ती त्यांची खरी अडचण असेलही. पुढच्या गल्लीतल्या एका बाईने, जिला आम्ही कधी पाहिले नव्हते, "या की आत" म्हटले. दोन खोल्या आणि त्यांत त्यांचीच सात माणसे. तिथे आम्ही बारा दिवस राहिलो. त्या बाईने आईला नेसायला दिलेले हिरवे लुगडे मला अजून आठवते. पूरग्रस्तांना घरे मिळाली तेव्हा आम्ही इथे आलो, आणि अशाच घरांतल्या बायकांनी पुढे आपले मंडळ काढले. पहिल्या सभा चटईवर बसून होत. हे सभागृह नंतर कितीतरी वर्षांनी झाले.

आता २०२४ च्या जुलैतली गोष्ट. पंचवीस तारखेला खडकवासल्यातून पाणी सोडले होते, पाऊस थांबत नव्हता, नदीकाठच्या सखल भागांत पाणी शिरले होते. सकाळी दहाच्या सुमाराला तीन बायका माझ्याकडे आल्या. खालच्या अंगाला राहणाऱ्या, त्यांतली एक आपल्यापैकी काहींच्या घरी कामाला येणारी. अंगावर ओली साडी, कडेवर मूल. म्हणाल्या, "काकू, मंडळाचा हॉल दोन दिवस मिळेल का? पंधरावीस माणसं आहोत." किल्ली माझ्याकडे होती, कारण मी खजिनदार. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बसा हं, मी कार्यकारिणीला विचारते." नवी फरशी बसवली होती, भांडी मोजून ठेवली होती, मंगळागौरीसाठी हॉल दिलेला होता. मी फोन केले. एकीचा लागला नाही, दुसरी म्हणाली अध्यक्षांना विचारा, तिसरी म्हणाली लेखी घ्या. दीड तासाने सगळ्यांचे होकार मिळाले. एकीचाही नकार नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. मी छत्री घेऊन किल्ली हातात धरून खाली गेले. त्या बायका गेल्या होत्या. नंतर कळले की त्या पालिकेच्या शाळेत गेल्या, आणि तिथे त्यांची नीट सोय झाली. म्हणजे नुकसान काही झाले नाही. तरी पुढे कित्येक दिवस ती मुलाची आई कामाला जाताना माझ्या दारावरून जायची आणि माझ्याकडे पाहायची नाही.

मी नाही म्हटले नव्हते. आमच्या त्या नातेवाइकांनीही नाही म्हटले नव्हते. आईने जन्मभर त्यांच्याविषयी वाईट शब्द काढला नाही. पण ती गोष्ट सांगताना त्यांच्या दारापाशी आली की तिचा आवाज बदलायचा. हे मी शंभर वेळा ऐकले होते, आणि माझी पाळी आली तेव्हा मी त्याच दारात, त्यांच्याच जागी उभी राहिले.

डीगला ते मला कळले. राजाने हौसेने बांधलेली ती जागा. संगमरवरी जमीन, पाण्याचे पाट, चैनीसाठी केलेला गडगडाट. तिथेही फरशी नवीच होती. सुरजमल हयात असेपर्यंत तिथले काम चालूच होते. अंगावर चिखल घेऊन आलेल्या माणसांनी ती खराब होईल, असे तिथेही कोणाच्या मनात आले असेल.

उठताना पहारेकऱ्याच्या बायकोला मी तिळगूळ दिला आणि आमच्याकडे आज असे देतात, असे सांगितले. तिने घरात जाऊन गजक आणली. त्यांच्याकडची तिळाची वडी. मी म्हटले, "आमची माणसं फार पूर्वी एकदा इथे आली होती." ती हसून म्हणाली, "मग पुन्हा या." तिला काय कळले, कोण जाणे.

घरी आल्यावर मी पहिले काम केले ते कार्यकारिणीला पत्र लिहिण्याचे. आपण सर्वांनी ते मान्य केलेत, याबद्दल मी ऋणी आहे. आता सभागृहाच्या दोन किल्ल्या आहेत. एक चिटणीसबाईंकडे आणि दुसरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात खिळ्याला, जिथे रात्रीबेरात्री कोणीही जाऊन मागू शकेल. पूर, आग, घर पडणे, असे काही झाले तर आधी दार उघडायचे, सतरंज्या घालायच्या, चहाचे आधण ठेवायचे. कार्यकारिणीची सभा मग. ती मुलाची आई हे मान्य झाल्यावर मी स्वतः जाऊन तिला सांगितले. ती आज इथे मागे बसली आहे. तिचे नाव मी घेत नाही, तिला आवडणार नाही.

आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी डीगला अवश्य जावे. कारंजी पाहायची असतील तर सणाच्या दिवसांत जा. पण माझे ऐकाल तर एकदा पौषात जा, शाल घेऊन जा, आणि केशव भवनात थोडा वेळ उभ्या राहा.